थेम्सकाठचा एक दिवस: दोन मुलं, आजी आणि सात ठिकाणांची यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात तुम्ही लंडनला येताय. सोबत सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या आजी. मुलाला जहाजं आणि यंत्रं आवडतात, म्हणून एक पूर्ण दिवस नदीकाठी घालवायचा आहे. यादीत टॉवर ब्रिज, एचएमएस बेलफास्ट, कटी सार्क, नॅशनल मरीटाइम म्युझियम, ग्रिनिचची वेधशाळा, थेम्स बॅरियर आणि सायन्स म्युझियम आहे. कुठल्या क्रमाने गेलं तर सगळं होईल, आणि पर्यटकांचा पास काढावा का, असं तुम्ही विचारलंय.

क्रम कसाही लावा, सातही ठिकाणं एका दिवसात होणार नाहीत. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना घेऊन या नदीवर येणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि सुट्टीत भारतातून येणारे नातेवाईक असतात ते वेगळेच. त्यावरून सांगते, तुमची अडचण क्रमाची नाहीच. नकाशावर ही ठिकाणं निळ्या दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी जेट्टीवर थांबणं, बॅगा तपासून घेणं, तिकिटाची रांग, स्वच्छतागृह शोधणं आणि ‘भूक लागली’ हे सगळं नव्याने सुरू होतं. मुलांचं लक्ष दिवसभरात दोन बंद इमारतींपुरतं टिकतं. तिसऱ्या इमारतीत ती फक्त दुकानाकडे बघतात. आजींचे गुडघे तर त्याच्याही आधी बोलायला लागतात. म्हणून काय बघायचं याच्या आधी काय सोडायचं ते ठरवायला हवं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. पाऊस असेल तर टेकडीवरचा सगळा भाग बदलावा लागतो. मुलाचा ओढा जहाजांकडे जास्त की यंत्रांकडे, यावरून निवड बदलते. आजी अर्धा तास चढ चढू शकतात की दहा मिनिटंही नाही, यावर रस्ता ठरतो. शिवाय यातल्या बहुतेक वास्तू जुन्या आहेत. त्यांचा एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद असणं अगदी नेहमीचं आहे. तिकीट काढण्याआधी त्या त्या ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर तुमच्या तारखेला काय उघडं आहे ते बघाच.

आता माझं मत. नदीचा एकच टप्पा निवडा, पैसे भरून आत जायची एकच जागा ठेवा, आणि मुलांना सकाळीच एक प्रश्न द्या. बाकी सगळं त्या प्रश्नाच्या आजूबाजूला, शक्यतो फुकट आणि मोकळ्या हवेत. तुमच्या कुटुंबासाठी टप्पा ग्रिनिचचा आणि प्रश्न हा: भर समुद्रात चहूकडे पाणीच पाणी असताना आपण नेमके कुठे आहोत, हे जहाजाला कसं कळत असेल? बोटीत बसल्यावर हा प्रश्न विचारा आणि उत्तर सांगू नका. ते दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी मिळत जातं.

ग्रिनिचला जाताना बोटीने जा, येताना नको. सकाळी सगळे ताजेतवाने असतात आणि बोटींना गर्दी कमी असते. वेस्टमिन्स्टर किंवा टॉवरच्या जेट्टीवरून थेम्स क्लिपर्सची बोट पकडा. प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसलात तर लंडन ब्रिज ओलांडल्यावर उजव्या हाताला एचएमएस बेलफास्ट ही जुनी युद्धनौका दिसते आणि लगेच टॉवर ब्रिजच्या खालून बोट जाते. म्हणजे यादीतली दोन नावं बाहेरून का होईना बघून झाली. टॉवर ब्रिज मागे पडल्यावर थोड्या वेळात बोट एकदम वेग घेते. मुलांना तो क्षण फार आवडतो. मागच्या उघड्या डेकवर उभं राहायचं असेल तर मे महिन्यातही जाकीट लागतं. नदीवरचा वारा शहरातल्या हवेपेक्षा कितीतरी गार असतो.

बोटीत चढताना मुलाला एक गोष्ट बघायला लावा. जेट्टी तरंगती असते आणि काठावरून तिच्यावर उतरायला एक लांब पूल असतो. थेम्समध्ये समुद्राची भरती-ओहोटी पार शहराच्या पश्चिमेला टेडिंग्टनपर्यंत पोचते. लंडन ब्रिजजवळ उधाणाच्या दिवसांत पाणी सात मीटरच्या आसपास वर-खाली होतं. भरतीला हा पूल जवळपास सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उतरता. आजींच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. ओहोटीला हात धरून सावकाश उतरवा. काठाच्या भिंतीवर ओल कुठपर्यंत आहे ते मुलाला सकाळी बघू दे आणि दुपारी पुन्हा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे सहा तासांत चित्र पूर्ण पालटतं. आपल्याकडे समुद्राची भरती बघायची सवय असते. शहराच्या मधोमध नदी उलटी वाहताना बघणं हे मुलांना नवीन असतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. ओहोटीला नदीचा तळ उघडा पडतो आणि मुलांना खाली उतरून खडे-शिंपले, जुन्या चिलमींचे तुकडे उचलावेसे वाटतात. थेम्सच्या पात्रात असं काहीही शोधायला किंवा उचलायला पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाणी परत चढतं तेव्हा फार वेगाने चढतं. वरूनच बघा.

ग्रिनिचला उतरलात की समोर कटी सार्क. पैसे भरून बघायची तुमची एक जागा हीच असू द्या. हे शिडाचं जहाज 1869 साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलं, चीनहून चहा आणण्यासाठी. त्या धंद्यात वेगालाच किंमत होती. पण जहाज पाण्यात उतरलं 22 नोव्हेंबरला आणि त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा सुरू झाला होता. कालव्यातून वाफेची जहाजं आफ्रिकेचा वळसा टाळून येऊ लागली. शिडाच्या जहाजांना तो रस्ता सोयीचा नव्हता. काही वर्षांतच कटी सार्कला चहा सोडून ऑस्ट्रेलियाहून लोकर आणावी लागली. एवढं सुंदर यंत्र तयार झालं तेव्हाच त्याचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं, हे अकरा वर्षांच्या मुलाला नीट समजतं आणि त्याला त्याबद्दल वाईटही वाटतं. माझ्या वर्गातली मुलं यावर हमखास वाद घालतात.

मुलांना डेकवरचं सुकाणू फिरवावंसं वाटेल, ते होऊ द्या. डोलकाठ्यांवर आणि शिडांना मिळून जवळपास 18 किलोमीटर दोर आहे, तो वर मान करून बघू द्या. पण सर्वात जास्त वेळ जहाजाच्या खाली घालवा. 2007 मध्ये जहाजाला मोठी आग लागली होती. दुरुस्तीनंतर 2012 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा अख्खं जहाज सुमारे तीन मीटर उचलून ठेवलं होतं. आता त्याच्या पोटाखालून चालता येतं. डोक्यावर पितळी पत्र्याने मढवलेला तळ असतो. समोरून बघितलं की तो पाणी कापायला किती निमुळता केलाय ते कळतं.

हा पत्रा कशासाठी, हा इथला खरा विज्ञानाचा धडा. कोमट समुद्रात लाकडाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे एक प्रकारचा किडा, खरं तर शिंपल्यांच्याच कुळातला प्राणी, लाकूड आतून पोखरतो. तांबं असलेला पत्रा ठोकला की दोन्हींना आळा बसतो. मग सगळं जहाजच लोखंडाचं का नाही केलं? कारण तांब्याचा मिश्रधातू आणि लोखंड एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात ठेवले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड झपाट्याने गंजतं. म्हणून कटी सार्कचा सांगाडा लोखंडी, त्यावर सागवान आणि एल्म लाकडाच्या फळ्या, आणि बाहेरून पत्रा. मधलं लाकूड दोन धातूंना वेगळं ठेवतं. तुमच्या मुलाने शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून दिवा लावला असेल तर त्याला हे लगेच कळेल. आजींसाठीही हे ठिकाण सोयीचं आहे. आत लिफ्ट आहे आणि बसायला जागा आहेत.

कटी सार्कला दोन तास पुरतात. दहाला आत गेलात तर बाराच्या सुमाराला बाहेर पडा, कारण पुढची गोष्ट घड्याळावर आहे.

ग्रिनिच पार्कमधल्या टेकडीवर वेधशाळा आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाने ती 1675 मध्ये स्थापन केली. तिच्या फ्लॅमस्टीड हाउसच्या छपरावर एका खांबावर लाल चेंडू आहे. रोज दुपारी 12:55 ला तो अर्ध्यापर्यंत चढतो, 12:58 ला टोकाला जातो आणि बरोबर एक वाजता खाली पडतो. 1833 पासून हे चालू आहे. नदीत नांगरलेल्या जहाजांवरचे लोक दुर्बिणीतून हा चेंडू बघून आपली घड्याळं लावत. चेंडू खाली सरकायला सुरुवात होते तो क्षण एक वाजल्याचा. मुलं तो तळाला टेकण्याची वाट बघतात आणि क्षण हुकतो, म्हणून आधी सांगून ठेवा. हे सगळं बाहेरून, पार्कमधून फुकट दिसतं. वारा फार असेल तर चेंडू चढवत नाहीत.

चेंडू बघून लगेच वेधशाळेच्या फाटकापाशी या. तिथे भिंतीत शेफर्डचं घड्याळ आहे, 1852 सालचं. त्याची तबकडी बारा तासांची नसून चोवीस तासांची आहे. शून्य वर आणि बारा खाली. आणि हे घड्याळ वर्षभर ग्रिनिचची मूळ वेळ दाखवतं, उन्हाळ्यात इथे सगळे घड्याळ तासभर पुढे करतात तेव्हाही. आता गंमत बघा. मे महिन्यात तुमच्या मनगटावर एक वाजलेला असताना या घड्याळात बारा वाजलेले असतात, म्हणजे तासकाटा सरळ खाली आणि मिनिटकाटा सरळ वर. मुलगी छातीठोकपणे सांगेल की सहा वाजलेत. तिला चूक म्हणू नका, भावाला समजवायला लावा. मग त्याला विचारा: फोन म्हणतो भारत साडेचार तास पुढे आहे आणि हे घड्याळ म्हणतं साडेपाच. खरं कोण? दोघंही खरे आहेत, आणि ते का, हे त्याला स्वतःला शोधू द्या.

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर इथे येऊन पोचतं. जहाजाला अक्षांश काढणं तुलनेने सोपं होतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की उत्तर-दक्षिण जागा कळते. पूर्व-पश्चिम जागेसाठी, म्हणजे रेखांशासाठी, आकाशात असा खुंटा नाही. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. तुमच्या डोक्यावर सूर्य आला, दुपारचे बारा झाले, आणि त्याच वेळी ग्रिनिचला किती वाजलेत हे कळलं, तर फरकाला 15 ने गुणा, रेखांश मिळाला. अडचण एवढीच की डोलणाऱ्या, कधी गरम तर कधी थंड होणाऱ्या जहाजावर महिनोन्‌महिने अचूक चालणारं घड्याळच नव्हतं. 1707 मध्ये सिली बेटांजवळ इंग्रजी आरमाराची जहाजं खडकांवर आपटून हजाराहून अधिक खलाशी बुडाले. त्यानंतर 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांशाची उकल करणाऱ्याला 20,000 पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलं. तोडगा काढला जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने. तो स्वतःही सुतारकामच शिकलेला होता. त्याची घड्याळं वेधशाळेच्या आत ठेवली आहेत. पहिली तीन मोठाली यंत्रं आणि चौथं मात्र मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढं.

इथे मुलाला भागाकार करायला लावा. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. 82.5 भागिले 15, बरोबर साडेपाच. मुंबईचा रेखांश 72.8 च्या आसपास आहे. त्याचा हिशेब केला तर 4 तास 51 मिनिटं येतात. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या तेवढीच पुढे होती. पुस्तकातला रेखांश इथे पहिल्यांदा मुलांच्या हाताला लागतो. माझ्या मते अख्ख्या दिवसातला हा सर्वात मोलाचा पाव तास आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मूळ रेखावृत्ताच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या पट्टीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढायचा असेल तर अंगणातली प्रसिद्ध पट्टी तिकीटवाल्या भागात आहे. पण तीच रेषा बाहेरच्या खालच्या पायवाटेवर भिंतीवरही आखलेली आहे, तिथे रांग नसते. आणि अकरा वर्षांच्या मुलासाठी फोटोपेक्षा चांगली गोष्ट म्हणजे फोनवर रेखांश दाखवणारं अॅप उघडणं. पट्टीवर उभं राहिलं तरी फोन शून्य दाखवत नाही. शून्य येण्यासाठी पूर्वेकडे सुमारे 102 मीटर चालावं लागतं, पार्कच्या हिरवळीत. कारण असं की 1851 पासून वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख एअरी यांची दुर्बीण त्या जागच्या गुरुत्वाच्या दिशेवरून, म्हणजे ओळंब्यावरून, लावली होती, आणि जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्याने ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे अगदी नेमका रोखलेला नसतो. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रावरून मोजतात. मुलाला फोन हातात देऊन शून्य शोधायला सोडा, तुम्ही बाकावर बसा.

वेधशाळेच्या आत जावं का? मुलगा घड्याळांत खरंच रमला असेल तर आई-बाबांपैकी एकाने त्याला घेऊन जावं. सहा वर्षांच्या मुलीला आत फारसं काही मिळत नाही, तिला हिरवळीवर धावू द्या.

आजींचं काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा नाजूक भाग. नदीच्या बाजूने टेकडीवर जाणारा रस्ता चांगलाच चढाचा आहे. दोन वाटा आहेत. एक म्हणजे टॅक्सीने किंवा बसने पार्कच्या ब्लॅकहीथकडच्या फाटकाशी जायचं. तिकडून वेधशाळेपर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे आणि टेकडीच्या कडेवरून नदीचं वळण, खाली मरीटाइम म्युझियम आणि पलीकडच्या काचेच्या इमारती सगळं एका नजरेत येतं. दुसरी वाट म्हणजे आजींना कटी सार्कनंतर थेट मरीटाइम म्युझियममध्ये बसवायचं. ते फुकट आहे, जमीन सपाट, लिफ्ट आहे, चहा मिळतो. आजींनाच विचारा. बऱ्याच आजी-आजोबांना दुसरी वाट मनापासून आवडते, पण घरच्यांना ते वाईट दिसेल असं वाटतं आणि उगाच त्यांना टेकडीवर ओढलं जातं.

डबा पार्कात खा आणि अडीचच्या सुमाराला म्युझियममध्ये या. सगळं बघायला जाऊ नका, दोनच गोष्टी ठेवा. सात वर्षांखालच्या मुलांसाठी तिथे खेळायचं दालन आहे, मुलीला तिथे तास-दीड तास सोडा. त्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते का ते बघून घ्या. मुलाला ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याचा कोट दाखवा. 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईत त्याच्या अंगावर होता तोच, डाव्या खांद्यावर गोळीचं भोक असलेला. भोक इतकं लहान आहे की मुलं आधी ते शोधत राहतात. सापडलं की सगळी गप्प होतात.

पाऊस लागला तर टेकडी सोडा, म्युझियम सकाळी आणि कटी सार्क दुपारी करा. त्यातूनही वेळ उरला तर डीएलआर या शहरातल्या हलक्या रेल्वेने वेस्ट इंडिया कीला जा. तिथे 1802 सालच्या साखरेच्या गोदामात लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे, तेही फुकट. बंदर, गोदी, गुलामांच्या श्रमांवर उभा राहिलेला साखरेचा व्यापार, हे सगळं तिथे स्पष्ट मांडलंय. मोठ्या मुलाशी बोलायला विषय मिळतो.

परतीला डीएलआर. ही गाडी चालकाशिवाय चालते, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेपाशी बसता येतं. कटी सार्क स्थानकातून निघाल्यावर ती नदीच्या खालून जाते. पाय शिल्लक असतील तर त्याआधी ग्रिनिचचा पादचारी बोगदा चालून बघा. 1902 सालचा, सुमारे 370 मीटर लांब, पांढऱ्या फरशांचा. त्यात मधोमध उभं राहून ‘आपल्या डोक्यावरून आत्ता सकाळची आपली बोट जात असेल’ असं सांगितलं की मुलीचा चेहरा बघण्यासारखा होतो. पलीकडे आयलंड गार्डन्सला डीएलआरचं स्थानक आहेच. बोगद्याच्या लिफ्ट बंद असू शकतात, तेव्हा सुमारे शंभर पायऱ्या आहेत. आजींना घेऊन आधी चौकशी केल्याशिवाय उतरू नका.

यादीतल्या बाकीच्यांबद्दल. सायन्स म्युझियम नदीवर नाही, साउथ केन्सिंग्टनला आहे. फुकट आहे आणि मोठं आहे, त्याला पावसाचा वेगळा दिवस द्या. एचएमएस बेलफास्ट 1938 साली पाण्यात उतरलेली युद्धनौका, नऊ मजल्यांची. आत उभ्या लोखंडी शिड्यांवरून चढ-उतार करावी लागते. आजींसाठी नाही, सहा वर्षांच्या मुलीसाठी दमवणारी. बाबा आणि मुलगा दोघंच दुसऱ्या सकाळी गेले तर मात्र उत्तम, बॉयलर आणि इंजिनाच्या खोल्यांतून मुलगा बाहेर यायला तयार होणार नाही. टॉवर ब्रिज 1894 चा. वाफेच्या जोरावर दाबलेलं पाणी साठवून पुलाचे दोन भाग उचलले जात, 1976 पासून वीज आणि तेल वापरतात. पूल उघडण्याच्या वेळा आधी जाहीर होतात, तुमच्या तारखेच्या बघा आणि काठावरून फुकट बघा. 1952 च्या डिसेंबरमध्ये 78 नंबरची बस पुलावर असतानाच पूल उघडायला लागला होता आणि चालकाने वेग वाढवून बस पलीकडच्या भागावर उडवली, हा किस्सा तिथे उभं राहून सांगा.

थेम्स बॅरियर मात्र मी मनापासून सुचवेन, अर्धा दिवस जास्तीचा मिळाला तर. 1953 मध्ये उत्तर समुद्राला आलेल्या पुराने इंग्लंडच्या किनाऱ्यावर 307 माणसं गेली. लंडनमध्ये तसं पाणी शिरलं तर काय होईल या धास्तीतून हा अडसर उभा राहिला. 1982 पासून तो कामात आहे, 1984 मध्ये राणीच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. 520 मीटर रुंद पात्रात दहा दरवाजे आहेत. मधल्या चार मोठ्या दरवाजांची रुंदी प्रत्येकी 61 मीटर आणि वजन सुमारे 3,300 टन. एरवी हे दरवाजे नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खाचेत आडवे पडलेले असतात आणि जहाजं वरून जातात. उधाणाचा धोका दिसला की ते गोल फिरून उभे राहतात. चार्ल्स ड्रेपर या अभियंत्याला ही कल्पना सुचली ती स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळाच्या खिट्टीवरून. घरी शेगडीचं बटन फिरवणाऱ्या कुठल्याही मुलाला हे यंत्र समजावता येतं. सकाळी जेट्टीवर भरती-ओहोटी पाहिलेली असेल तर हे दरवाजे कशासाठी, हे सांगावंच लागत नाही. दरवाजे हलताना बघायचे असतील तर चाचणीच्या तारखा आधी बघून जा, नाहीतर नुसती चकचकीत शिरस्त्राणांसारखी छपरं दिसतात. वूलिचला जाणाऱ्या क्लिपर्सच्या बोटी या दरवाजांमधूनच जातात. वूलिचहून परत यायला एलिझाबेथ लाइनची रेल्वे आहे. आजींसाठी हा सगळा मार्ग बसून करण्यासारखा आहे.

पासबद्दल. यातली निम्मी ठिकाणं मुळातच फुकट आहेत, त्यामुळे दिवसाला एकच तिकीटवाली जागा बघणाऱ्याला पास परवडत नाही. पास काढला की तो वसूल करायला माणूस तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीत शिरतो. कटी सार्कचं कुटुंबाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. प्रवासासाठी प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतःचं कार्ड हवं, एक कार्ड दोघांना चालत नाही. मुलगी ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, आणि डीएलआरमध्ये मोठ्या माणसासोबत फुकट. मुलगा अकरा पूर्ण असेल तर त्याच्यासाठी ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड घ्या आणि स्थानकातल्या कर्मचाऱ्याला त्यावर यंग व्हिजिटर सवलत चढवून द्यायला सांगा. चौदा दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं. बोटीचा हिशेब वेगळा आहे. पाच वर्षांखालच्यांनाच ती फुकट असते, म्हणून तुमच्या दोन्ही मुलांना अर्धं तिकीट पडेल. ट्यूबची दिवसाची कमाल मर्यादा बोटीला लागू होत नाही. एकच फेरी बोटीने करा म्हणते त्याचं हेही एक कारण.

तुमचा मुक्काम कुठल्या भागात आहे आणि आजी सलग किती चालू शकतात तेवढं लिहा, म्हणजे कुठल्या जेट्टीवरून चढायचं आणि ब्लॅकहीथच्या फाटकाला कसं पोचायचं ते नेमकं सांगते. तुमची तारीखही कळवा, त्या दिवशी भरती किती वाजता आहे ते बघून ठेवते.